जोहार ते जय भीम : बाबू हरदास एल. एन.

येणाऱ्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारली जाणार, असे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. अनुसूचित जाती-जमातींची नोंद स्वातंत्र्यानंतरही दर वेळी होतच होती. सर्व जातींची मोजणी मात्र १९३१ नंतर प्रथमच होईल. तेव्हापासून आपल्या वस्त्यांत, विहारांत, कार्यकर्त्यांच्या बैठकांत एकच वाद चालू आहे. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे? जातीच्या रकान्यात काय? ज्या जातीवर दीक्षाभूमीवर पाणी सोडले, तिचे नाव पुन्हा आपल्याच तोंडाने सांगायचे काय?

वाद महत्त्वाचा आहे, पण नवा नाही. आपण कोण, हे सरकारने ठरवायचे, धर्ममार्तंडांनी ठरवायचे, देशभक्तांनी ठरवायचे की आपले आपण ठरवायचे, या प्रश्नाशी झुंजण्यात नागपूरपासून दहा मैलांवरच्या कामठीतल्या एका तरुणाचे अख्खे आयुष्य गेले. आयुष्य तरी केवढे? पस्तीस वर्षे आणि सहा दिवस. बाबू हरदास एल. एन. हे त्यांचे नाव. आज पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत आणि सातासमुद्रापार इंग्लंड-अमेरिकेतही दोन आंबेडकरी माणसे भेटली की जय भीम म्हणतात. हा शब्द रूढ करणाऱ्या माणसाचे नाव मात्र विदर्भाबाहेरच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे, याचा ज्याने त्याने शोध घ्यावा.

कामठी हे गाव साम्राज्याने वाढवलेले. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी लष्करी छावणी वसवली. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा मुलूख नकाशावर आखला गेला. या काळातला एखादा माणूस भोसल्यांची रयत म्हणून जन्मला, कंपनी सरकारची रयत म्हणून म्हातारा झाला आणि विलायतेच्या राणीची रयत म्हणून मेला. त्यासाठी त्याला घराचा उंबरठाही ओलांडावा लागला नाही. राज्ये बदलली, झेंडे बदलले, शिक्के बदलले. महाराच्या घराचा पत्ता तेवढा तिन्ही राजवटींत कायम राहिला : गावकुसाबाहेर.

तरीही छावणी, रेल्वे आणि गिरणी या तीन गोष्टींनी नागपूर-कामठीच्या आपल्या माणसाला गावगाड्याबाहेर पडायला वाट दिली, हे नाकारता येत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीत पगार रोख मिळे आणि त्यासाठी पाटलाच्या वाड्यासमोर उभे राहावे लागत नसे. म्हणून इंग्रजांचे उपकार मानावेत असे नाही. साम्राज्याला मजूर हवे होते, हमाल हवे होते, शिपाई हवे होते. माणसे त्यांनी स्वतःच्या गरजेपुरती जवळ केली. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे स्तंभावर कोरणाऱ्या त्याच सरकारने १८९० च्या दशकात लढाऊ जातींचे खूळ काढून महारांची लष्करभरती बंद केली. आजोबाचे नाव दगडावर आणि नातू भरतीच्या दाराबाहेर, ही साम्राज्याची कृतज्ञता! गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले ते याच अन्यायाविरुद्ध.

अशा या कामठीत ६ जानेवारी १९०४ रोजी हरदास जन्मले. वडील लक्ष्मणराव उरकुडाजी नगराळे हे रेल्वेत कारकून होते. महाराच्या घरात कारकुनी, म्हणजे त्या काळी लेखणीच घरात आली म्हणायची. नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून हरदास मॅट्रिक झाले. नागपुरात आर्य समाजाचे स्वामी ब्रह्मानंद यांच्याकडे ते संस्कृत शिकले. ज्या भाषेचा एक शब्द कानावर पडला तर अस्पृश्याच्या कानात शिसे ओतण्याची आज्ञा शास्त्रांनी दिली होती, त्या भाषेचे दार या मुलाने उघडून आत पाहिले. आणि आत काय आहे ते पाहिल्यामुळेच असेल, पुढे आयुष्यभर त्यांनी देवदेवतांच्या थोतांडाला भीक घातली नाही. १९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांचे साहूबाईंशी लग्न झाले.

त्यांच्या नावाची ठेवणही पाहण्यासारखी आहे. नगराळे हे आडनाव एका अक्षरात मिटले, वडिलांचे नाव एका अक्षरात मिटले आणि समोर राहिले ते हरदास. आपल्या देशात आडनाव विचारले जाते ते बहुधा जात हुडकायला. त्यांनी ते मुद्दाम केले की रेल्वेच्या कारकुनी वळणातून आले, हा भाग वेगळा; लोकांनी मात्र त्यांना कायम हरदास एल. एन. याच नावाने ओळखले.

१९२० सालचे नागपूर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात भरली आणि तरुण आंबेडकर तिथे बोलले. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात झाले आणि गांधींच्या असहकाराला मान्यता मिळाली. पाचच वर्षांनी, १९२५ च्या विजयादशमीला, हिंदू राष्ट्राचे स्वप्न पाहणाऱ्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही याच नागपुरातली. राष्ट्र म्हणजे कोण, याची उत्तरे तयार करण्याचे कारखानेच जणू या शहरात निघाले होते. प्रत्येक कारखान्याला अस्पृश्यांची संख्या हवी होती. त्यांचा शब्द कोणाला हवा होता?

तो शब्द छापण्यासाठी हरदासांनी १९२१ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, नागपुरातून महारठ्ठा नावाचे साप्ताहिक काढले. या नावातच एक दावा आहे. या महाराष्ट्रावर आमचाही हक्क आहे, किंबहुना पहिला हक्क आमचाच आहे, असे सांगणारे ते नाव. मिसरूड न फुटलेला पोरगा हे लिहीत होता. १९२२ मध्ये त्यांनी महार समाज संघटना उभी केली, तरुणांचे पथक बांधले, स्त्रियांना शिक्षण मिळावे म्हणून महिला आश्रम काढला. १९२७ मध्ये कामठीत रात्रीच्या शाळा सुरू केल्या आणि त्यांत मुलींनाही बसवले. संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय उघडले. दिवसभर बिडी वळून तंबाखूने काळी पडलेली बोटे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवू लागली.

बिडीचे काम कामठीत घरोघर चाले. तेंदूपत्ता आणि तंबाखू ठेकेदाराचा, बोटे आपल्या बायाबापड्यांची. वळून दिलेल्या बिड्यांतल्या वाटेल तेवढ्या खराब ठरवून बाजूला काढायच्या आणि तेवढी मजुरी कापायची, हा ठेकेदाराचा धंदा. खराब ठरवलेली बिडीही तोच विकणार, ही आणखी मेख. हरदासांनी या कामगारांची संघटना बांधली आणि ठेकेदाराच्या कचाट्यातून सुटण्यासाठी सहकाराची वाट दाखवली. मला वाटते, त्यांच्या चरित्राचा हा भाग आपण फारच कमी सांगतो. जय भीमचा जनक म्हणून फोटोला हार घालणे सोपे असते. आजही विदर्भात बिडी वळणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या मजुरीचा हिशेब विचारणे कठीण असते.

आपल्यातल्या आपल्यात काय चालले होते, हेही सांगितले पाहिजे. विदर्भातल्या महारांत बावणे, लाडवण, बारके, कोसरे अशा पोटजाती होत्या आणि त्यांच्यात रोटीबेटीची बंधने होती. सवर्णांनी आपल्याला पाणी दिले नाही म्हणून संतापायचे आणि आपणच आपल्या भावाच्या ताटाला ताट लावायचे नाही! हरदास दर वर्षी चोखामेळ्याच्या पुण्यतिथीला सहभोजन घालत आणि सर्व पोटजातींना एका पंगतीला बसवत. साम्राज्य आणि राष्ट्र यांनी आपली ओळख ठरवली हे खरे. पण ब्राह्मणी व्यवस्थेने आपल्या डोक्यात घातलेल्या पायऱ्या आपण स्वतःच जपल्या, हेही तितकेच खरे.

देवांच्या बाबतीत ते फार स्पष्ट होते. १९२४ मध्ये त्यांनी मंडळ महात्म्य नावाचे पुस्तक लिहिले आणि लोकांना फुकट वाटले. देवादिकांची सोंगे पाहण्यात रात्री घालवणाऱ्या आपल्या लोकांना जागे करणे हा त्याचा हेतू. १९२७ साली रामटेकला किसन फागूजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. तिथे हरदासांनी मूर्तिपूजा सोडा, अंबाळा तलावाच्या घाण पाण्यात पुण्यासाठी बुडू नका, असे लोकांना बजावले. आणि याच हरदासांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात कामठीची माणसे धाडली. विरोधाभास वाटतो काय? नाही. देवळातल्या रामाशी त्यांना कर्तव्य नव्हते. ज्या दारातून कुत्र्यामांजराला जाता येते त्या दारातून माणसाला जाता आले पाहिजे, एवढाच तो हक्काचा प्रश्न होता.

आता मोठ्या राजकारणाकडे येऊ. ८ ऑगस्ट १९३० रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. बाबासाहेबांना इंग्रजधार्जिणे म्हणणाऱ्यांनी ते भाषण एकदा तरी वाचावे. इंग्रज राज्याने अस्पृश्यतेच्या बाबतीत काहीही केले नाही, हे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. आणि स्वराज्यात राजकीय सत्तेचा वाटा घटनेनेच मिळाला पाहिजे, अन्यथा ते स्वराज्य आपल्यासाठी केवळ मालक बदलणे ठरेल, ही भूमिकाही मांडली. साम्राज्य आपले नाही, आणि राष्ट्र अजून आपले झालेले नाही. या दोहोंच्या मधल्या अरुंद पायवाटेने आपली चळवळ चालली.

१९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपणच असल्याचा दावा केला. लंडनमध्ये बसलेल्या पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्डला खरे प्रतिनिधी कोण हे कसे कळणार? ते कळवण्याचे काम तारेने झाले. हरदासांनी वेगवेगळ्या लोकांकडून ३२ तारा लंडनला पाठवल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. तारेला शब्दागणिक पैसे पडत. मजुरांच्या वस्तीतून गोळा झालेला तो पैसा कसा जमला असेल, याचा विचार आज मोबाईलवर फुकटात संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी करावा.

१९३२ च्या सुरुवातीला एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांनी परस्पर करार केला : संयुक्त मतदारसंघ, राखीव जागा. हिंदू महासभेला अस्पृश्य हिंदूंच्या मोजणीत हवे होते. या कराराविरुद्ध ७ मे १९३२ रोजी अखिल भारतीय परिषद भरली ती हरदासांच्याच कामठीत. मद्रासचे मुनिस्वामी पिल्लई अध्यक्ष होते, बाबासाहेब उपस्थित होते आणि परिषदेने स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूने कौल दिला. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, सप्टेंबरात येरवड्याचे उपोषण आणि पुणे करार. त्यानंतर काय झाले ते वाचकांना सांगायला नको.

या सगळ्या धामधुमीत आपल्याला किती नावे मिळाली ते पाहा. १९११ च्या खानेसुमारीत ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणाऱ्या, देवळात प्रवेश नसलेल्या जातींची वेगळी नोंद करा, असे फर्मान निघाले. सरकारी कागदात आपण डिप्रेस्ड क्लासेस होतो. १९३१ च्या खानेसुमारीत हटन साहेबाने आपल्याला बाह्य जाती केले. १९३५ च्या कायद्याने शेड्यूल्ड कास्ट केले. गांधींनी हरिजन केले आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये आपल्याच विदर्भातून, वर्ध्याहून, त्या नावाची यात्रा काढली. साम्राज्याने तक्त्यात बसवण्यासाठी नाव दिले, राष्ट्राने दया दाखवण्यासाठी नाव दिले. घेणाऱ्याला कोणीच विचारले नाही. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधिमंडळात हरिजन शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले ते उगीच नाही.

अशा काळात हरदासांनी जे केले ते दिसायला अगदी लहान होते. त्यांनी नमस्कार बदलला.

जोहार म्हणजे काय होते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. महाराने कंबरेत वाकून, अंतर राखून जोहार घालायचा. समोरच्याने उत्तर दिले तर दिले, नाही तर हुं म्हणून पुढे जायचे. उत्तर द्यावेच लागणार नाही, अशीच त्याची रचना होती. रामराम होता, तो दोन्ही बाजूंनी चाले. पण त्यात शंबुकाचा वध करणारा राम बसलेला. आर्य समाजाने नमस्ते रूढ केले होते आणि हरदास त्या वर्तुळात वावरलेले. शेजारचा मुसलमान सलाम करी आणि त्याला तितक्याच आदराने उलट सलाम मिळे, मग समोर नवाब असो की टांगेवाला. एका मौलवींकडून त्या सलामाचा अर्थ समजून घेताना आपल्या समाजाचे स्वतःचे अभिवादन का नसावे, हा विचार हरदासांच्या मनात आला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. १९३५ च्या सुमारास भीम विजय संघाच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून त्यांनी जय भीम हे अभिवादन वस्त्यावस्त्यांत नेले. सुरुवातीला त्याला बल भीम असे उत्तर द्यायचे ठरले होते म्हणतात. पुढे ते गळून पडले आणि जय भीमला जय भीम हेच उत्तर कायम झाले.

हे उत्तर गळून पडणे फार मोलाचे झाले, असे माझे मत आहे. म्हणणारा आणि ऐकणारा यांच्या तोंडी एकच शब्द. लहानाने मोठ्याला, बाईने पुरुषाला, शिपायाने साहेबाला म्हटले तरी परत येतो तो तोच शब्द, तेवढ्याच वजनाचा. जोहारमधली पायरीच त्यातून काढून टाकली गेली. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. रामराम सुटणार हे त्या दिवशी नक्की झाले. धर्म कोणता घ्यायचा हे ठरायला मात्र अजून एकवीस वर्षे होती. मधल्या काळात आपला माणूस कोणत्या घराचा? त्या एकवीस वर्षांत जय भीम हेच घर होते.

जिवंत माणसाच्या नावाने अभिवादन म्हणजे व्यक्तिपूजा नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच उडवून लावण्यासारखा नाही; राजकारणातल्या भक्तीपासून सावध राहा, असे खुद्द बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावले आहे. पण जय हिंद आझाद हिंद फौजेबरोबर देशभर गेले ते १९४० च्या दशकात. त्याआधीच कामठी-नागपूरच्या झोपड्यांत माणसे एकमेकांना आपल्या शब्दाने ओळखू लागली होती. ज्यांना राष्ट्राने अजून आपले म्हटले नव्हते, त्यांनी आपसांत एक आपलेपण तयार केले होते. त्याला केवळ भक्ती म्हणणे कोत्या मनाचे ठरेल.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. हरदास मध्य प्रांत-वऱ्हाड शाखेचे सचिव झाले. १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी राखीव मतदारसंघातून ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि १९३८ मध्ये प्रांतिक शाखेचे अध्यक्ष झाले. रेल्वे कारकुनाचा मुलगा प्रांताच्या विधिमंडळात बसला. पण शरीर साथ देईना. क्षयाने पोखरलेले ते शरीर १२ जानेवारी १९३९ रोजी कामठीत निवर्तले. क्षय हा तेव्हा बिडी वळणाऱ्या आणि गिरणीत राबणाऱ्या वस्त्यांचा घरगुती रोग होता. त्यावर औषध यायला अजून काही वर्षे होती.

दोनच वर्षांनी, १९४१ साली, साम्राज्याला महायुद्धासाठी पुन्हा महारांची आठवण झाली. महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी कुठे? कामठीला. १८९० च्या दशकात लढाऊ नसलेले लोक १९४१ मध्ये एकदम लढाऊ झाले! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. महाराष्ट्रात १९५१ साली अडीच हजारांच्या आत असलेले बौद्ध १९६१ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ९० हजार झाले. पण स्वतंत्र राष्ट्रानेही आपला तक्ता सोडला नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा व्हायला १९९० साल उजाडले. ही चौतीस वर्षे आपल्या कित्येक कुटुंबांनी दुहेरी आयुष्य काढले. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर हिंदू महार. मुलाची केंद्रातली नोकरी टिकवायची की बापाची दीक्षा, असा सवाल शासनाने लोकांपुढे टाकला होता. अनेकांनी दाखला सांभाळला. त्यांना भेकड म्हणणारे बहुधा स्वतः पोटभर जेवलेले असतात.

म्हणून आताच्या वादात एक गोष्ट वस्तीतल्या प्रत्येकाला समजावून सांगावी लागेल. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जातो, ही भीती १९९० पासून निराधार आहे. धर्म बौद्ध आणि जात शासनाच्या अनुसूचीत आहे ती, अशी नोंद कायद्याने होऊ शकते. जातीचे नाव सांगताना जीभ अडखळेल, ती अडखळावीही. पण तो रकाना आरक्षणाच्या हिशेबाचा आहे, आपल्या मनाचा नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. प्रगणक दारात आला की त्याला आधी जय भीम म्हणावे. या वेळी माहिती मोबाईलवर भरली जाणार आहे. अडाणी म्हातारी दिसली, वस्ती ओळखीची दिसली, की न विचारताच धर्माच्या जागी हिंदू टाकून मोकळे होणारे प्रगणक मागच्या जनगणनांतही होते, अशा तक्रारी आपण ऐकलेल्या आहेत. तेव्हा त्याने काय भरले, ते घरातल्या शिकल्या पोराने किंवा पोरीने त्याच्या समोर वाचून घ्यावे.